उसना प्रतिध्वनी

प्रतिध्वनी ही एके काळी जागेची मालमत्ता होती. विजापूरचा गोलघुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला. आतून सुमारे १२४ फूट व्यास असलेल्या त्या घुमटाखालच्या सज्जात उभे राहून कोणी हाक मारली, की ती पुन्हा पुन्हा कानावर येते. मात्र ती किती वेळाने परतावी, किती जोरात परतावी आणि केव्हा विरावी, याचा निर्णय हाक मारणाऱ्याच्या हाती कधीच नव्हता. तो भिंतींच्या वक्रतेने आणि हवेतल्या ध्वनीच्या वेगाने आधीच घेऊन टाकलेला होता. आज कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा मुलगा पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरवरचे एक बटण दाबतो, पडद्यावर प्रीसेटचा, म्हणजे आधीच घडवून ठेवलेल्या आवाजाचा, क्रमांक आणि त्याचे भारदस्त नाव उमटते, आणि एका सुराचे सहा सूर होऊन ते सभागृहभर पसरतात. या दोन प्रसंगांमधल्या जवळजवळ पावणेचारशे वर्षांत माणसाने प्रतिध्वनी दगडातून सोडवला, त्याचे मोजमाप केले, तो फितीवर पकडला आणि अखेर अंकांत लिहिला. इतके सगळे झाल्यावर बटण दाबणारा मुलगा पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला आहे, कारण आवाज केव्हा परतावा हे याही खेपेला दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले आहे.

गोलघुमटाच्याही आधी, १५८५ पासून, व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये जोव्हानी गाब्रिएली ऑर्गनवादक होता. समोरासमोरच्या सज्जांत गायक-वादकांचे वेगवेगळे ताफे बसवायचे, एकाने म्हटलेले दुसऱ्याने परत करायचे, ही तिथली परंपरा त्याने पराकोटीला नेली. १५९७ साली छापलेल्या त्याच्या संग्रहात कुठे हळू वाजवायचे आणि कुठे जोरात, हेही लिहिलेले आहे. त्या रचना संथ सुरावटींच्या आहेत, कारण त्या वास्तूत सूर लवकर विझत नाही आणि घाईने स्वर बदलला तर आधीचा नव्यावर सांडतो, हे लिहिणाऱ्याला रोजच्या सेवेतून ठाऊक होते. १६०९ मध्ये हाइनरिख श्युट्झ हा जर्मन तरुण त्याच्याकडे शिकायला आला, गुरूच्या मृत्यूनंतर मायदेशी परतला, आणि १६१९ मध्ये त्याने ही अनेक ताफ्यांची शैली आपल्या स्तोत्ररचनांमधून जर्मन चर्चमध्ये नेली. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती त्या स्तोत्रग्रंथाची प्रस्तावना. ताफे कुठे बसवावेत, लय किती आवरती ठेवावी म्हणजे शब्द ऐकू येतील, हे श्युट्झ तिच्यात समजावून सांगतो. दुसऱ्या जागेत जन्मलेला परिणाम आपल्या जागेत आणताना त्यासोबत त्याची समजही आणावी लागते, याचे इतके स्वच्छ भान पुढच्या चारशे वर्षांत फार थोड्यांनी ठेवले.

जागेचा गुण नशिबावर सोडायचे दिवस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संपले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहत आणि कोणालाच काही समजत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून रात्री उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर घुमण्याचे गणित मांडले. खोलीचे घनफळ आणि तिच्यातली ध्वनी शोषणारी पृष्ठे यांवर घुमण्याचा काळ अवलंबून असतो, हा त्याचा निष्कर्ष. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्याच गणितावर उभे आहे. प्रतिध्वनी येथे प्रथमच ज्ञानाच्या ताब्यात आला.

त्याच सुमारास महाराष्ट्रात तयार सुरांचा एक वेगळा वाद पेटला होता, आणि आजच्या प्रीसेटच्या प्रश्नाला तो आश्चर्य वाटावे इतका जवळचा आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. तो सारंगीवाल्याप्रमाणे बोटाने शोधावा लागत नाही, आणि म्हणूनच त्याला वळवताही येत नाही. संगीत नाटकाने हे वाद्य उराशी धरले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची हार्मोनियम घडवून आणली आणि तयार सुराचा दोष अधिक तयार सूर देऊन दूर करण्याचा प्रयत्न केला. ती पेटी रुजली नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये उलटे टोक गाठले, हार्मोनियमला दारच बंद केले, आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. या दोन्ही टोकांच्या मध्ये गोविंदराव टेंबे तीच साधी बाजारी पेटी घेऊन बसले आणि कोणता स्वर टाळायचा, कोणता नुसता स्पर्शून सोडायचा, भाता कुठे आवरायचा, हे कानाने ठरवत त्यांनी तिच्यातून गायकी उभी केली. तयार वस्तू वर्ज्य करावी की तिच्यावर विसंबावे, असाच प्रश्न त्या काळी घातला गेला आणि आजही तसाच घातला जातो. टेंब्यांनी आपल्या हाताने दिलेल्या उत्तरात मात्र या दोन्ही पर्यायांना जागा नव्हती.

प्रतिध्वनी जागेपासून तुटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये शिकागोच्या बिल पटनमने स्टुडिओच्या न्हाणीघरात लाउडस्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रणाला घुमारा दिला. पुढच्या काही वर्षांत गिटारवादक लेस पॉलने टेपरेकॉर्डरला जादा हेड बसवून आवाज स्वतःच्याच मागे धाववला. मेम्फिसच्या छोट्याशा स्टुडिओत सॅम फिलिप्सकडे दोन टेपरेकॉर्डर होते. पहिल्यावरचा आवाज दुसऱ्यावरून फिरवून परत मिसळला, की मूळ सुराच्या पाठीवर थाप पडावी तसा एकच झटपट प्रतिसाद मिळे. यातले गणित शाळकरी मुलालाही करता येईल : टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि मुद्रण करणाऱ्या व वाचणाऱ्या हेडमध्ये दोन इंच अंतर असेल, तर आवाज १३३ मिलिसेकंदांनी परततो. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डवर जो आवाज उमटला, तो अशा मोजक्या मिलिसेकंदांचा होता.

दीड वर्षाने एल्व्हिस आर.सी.ए. या बड्या कंपनीकडे गेला. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला ‘हार्टब्रेक हॉटेल’चे मुद्रण होताना तिथल्या जाणत्या अभियंत्यांना मेम्फिसचा तो आवाज हवा होता, पण तो साधेना, अखेर इमारतीच्या बोळात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून त्यांनी घुमारा मिळवला. रेकॉर्ड तुफान गाजली. आवाज मात्र मेम्फिसचा नव्हता. तो मोकळा, पोकळ, वेगळाच होता. यंत्रे, पैसा, गायक सगळे जवळ असून दुसऱ्याचा परिणाम हाती आला नाही, आणि तरी जे हाती आले ते त्यांचे स्वतःचे होते, कारण त्यांनी आपल्या इमारतीत फिरून ते शोधले होते. आज हे दोन्ही आवाज एकाच प्रोसेसरच्या यादीत शेजारी शेजारी मिळतात. तो शोध तेवढा यादीत येऊ शकत नाही.

पुढचा प्रवास यंत्रे लहान होत गेल्याचा आहे. रे बट्सचा प्रतिध्वनीसह येणारा अँप्लिफायर, लंडनच्या चार्ली वॉटकिन्सचा १९५८ चा कॉपिकॅट, मिलानच्या बिन्सन कंपनीची फिरत्या चुंबकीय चकतीची पेटी, अमेरिकेतला एकोप्लेक्स, १९७४ चा रोलँड स्पेस एको. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत साँगस्टर आणि टेर यांनी शोधलेली, विद्युतभार हातोहात पुढे सरकवणारी चिप. आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बॉसचे अंकीय डिले, म्हणजे प्रतिध्वनीचे, पेडल. या टप्प्यांवर जे मोठे झाले त्यांनी यंत्र जसे आले तसे ठेवले नाही. क्वीनच्या ब्रायन मेने एकोप्लेक्सची हेड सरकवण्याची पट्टी लांबवून घेतली, कारण त्याला स्वतःच्याच वाक्याशी सुसंवाद साधण्याइतका उशीर हवा होता. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये संगीतनिर्माता ली पेरी स्पेस एकोच्या नॉबवर हात ठेवून मिश्रण करी, प्रतिध्वनी वाढवी, गुदमरवी, मध्येच तोडी; तिथे ते यंत्र वाद्य झाले होते.

प्रीसेट ही कल्पना मात्र गिटारपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात हेन्री विलिसच्या ऑर्गनवर अंगठ्याने दाबायच्या कळा होत्या. एक कळ दाबली की स्वरनळ्यांचा ठरलेला संच एकदम उघडे. पण तो संच वास्तू आणि वाद्य यांच्या एकाच जोडीपुरता होता. १९३५ च्या हॅमंड ऑर्गनवर डावीकडच्या पट्ट्या उलट्या रंगांच्या होत्या, त्यांतल्या बहुतेक एकेका तयार आवाजाच्या, आणि त्या आवाजांचे ऑर्गन शेकडो वास्तूंमध्ये गेले. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने वादकाला स्वतः घडवलेला आवाज जतन करायची सोय दिली. पाच वर्षांनी यामाहाच्या डीएक्स-७ ने तीच सोय दिली, पण त्यात आवाज घडवणे इतके अवघड होते की बहुतेकांनी कारखान्यातून आलेले आवाजच वापरले. त्या दशकातल्या असंख्य प्रेमगीतांत एकच इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, तो त्यामुळे. स्मृती देणारे यंत्र विस्मृतीचे साधन झाले, आणि ते घडायला पाच वर्षे पुरली.

याच काळात मुंबईत चरणजित सिंग यांनी उलट दिशेचे उदाहरण घालून दिले. चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे घेतली. त्यातले टीबी-३०३ हे एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेले होते. सिंग यांनी त्यात दहा रागांचे स्वर भरले आणि एक रेकॉर्ड केली, जिच्याकडे त्या वेळी कोणी फारसे पाहिले नाही. तेच यंत्र पुढे शिकागोच्या नृत्यसंगीताचा कणा ठरले, आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी जगाला कळले की मुंबईचा एक माणूस तिथे आधी जाऊन आला होता. यंत्राच्या निर्मात्याने कल्पिलेला उपयोग त्याने निमूट स्वीकारला नव्हता, एवढेच त्याच्याकडे जादा होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक परिणाम एका पेटीत सामावले आणि गिटारवाल्याच्या वाट्यालाही डीएक्स-७ चे भाग्य आले. यू-टू बँडचा गिटारवादक एज याने १९८७ च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मध्ये जो उसळता प्रतिध्वनी योजला, तो ठोक्याच्या पाऊण हिश्शाने परततो आणि बोटांनी न वाजवलेले सूर वाजवलेल्यांच्या मधल्या फटींत बसवतो. ते अंतर त्या गाण्याच्या लयीतून निघाले होते. आज जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये ते तयार मिळते आणि कोणत्याही लयीच्या गाण्यावर टाकले जाते. मिनिटाला १२० ठोके असतील तर ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा पाऊण हिस्सा ३७५ चा. गाणे १०० ठोक्यांचे असेल तर हेच ४५० हवे. तयार ३७५ तसेच ठेवले तर पहिला प्रतिसाद ७५ मिलिसेकंद आधी येतो, दुसरा १५०, तिसरा २२५, आणि तबलजी किंवा ड्रमर कितीही पक्का असला तरी गाणे भरकटल्यासारखे वाटते. दोष कशाचा ते मात्र कोणाला सांगता येत नाही.

दुसरी अडचण जागेची. कारखान्यातले प्रीसेट दुकानात, बहुधा हेडफोनवर, पहिल्या मिनिटात मन जिंकण्यासाठी घडवलेले असतात. म्हणून त्यांत प्रतिध्वनीचे मिश्रण आणि पुनरावृत्ती दोन्ही सढळ असतात. तोच प्रीसेट पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात, जिथे जागेचा स्वतःचा घुमारा आधीच भरपूर आहे, चालू केला की फॉग व्याख्यानगृहाची दशा पुन्हा अवतरते. आमच्याकडच्या वाद्यवृंदांत आणि चर्चच्या गायनवृंदांत गुणी गिटारवादक आहेत. त्यांचे सूर या चिखलात बुडतात, तेव्हा जीव कळवळतो. श्युट्झने चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली प्रस्तावना या पेट्यांच्या खोक्यात कोणी घालत नाही.

प्रीसेट काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. ती रेडिओने १९४० मध्ये केलेली चूक होईल. ज्याला दोनच तास सरावाला मिळतात, त्याच्यासाठी ते उपकारक आहेत, आणि दुसऱ्याच्या कानाने काय ऐकले हे समजून घ्यायचीही ती एक वाट आहे. प्रत्येक डिले प्रीसेटच्या पोटात वेळ, पुनरावृत्ती आणि मिश्रण असे तीनच मुख्य निर्णय असतात, आणि स्वस्तातल्या स्वस्त प्रोसेसरवरही ते बदलता येतात. गिटार शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याच्या हाती प्रोसेसर देताना पहिले काही आठवडे त्याला एकाच प्रीसेटवर ठेवा आणि हे तीन निर्णय त्याला स्वतः घ्यायला लावा. वाजवणाऱ्यांनी साठ हजाराला गाण्याच्या मिनिटातल्या ठोक्यांनी भागावे, येणारा आकडा किंवा त्याचा पाऊण हिस्सा यंत्रात भरावा, कार्यक्रमाआधी सभागृहात एकदा प्रतिध्वनी पूर्ण बंद करून वाजवावे, आणि जागा स्वतः किती परत देते ते ऐकून मगच मिश्रण ठरवावे. जुळलेला आवाज आपल्या नावाने जतन करायला प्रत्येक पेटीत रिकामी जागा ठेवलेली असते, ती वापरा.