फूजौ म्हणजे नेमके कुठले?

गेल्या टर्मच्या आंतर-हाउस क्विझमध्ये नकाशाची फेरी होती. पडद्यावर चीनचा कोरा नकाशा आणि प्रश्न : 'फूजौ दाखवा.' मी धावत जाऊन पूर्व किनाऱ्यावर, तैवानच्या समोर बोट ठेवले. उत्तर चूक ठरले. प्रश्नात 'जिआंगशी प्रांतातील' असे दोन शब्द होते आणि घाईत मी ते वाचलेच नव्हते. मी दाखवलेले फूजौ फूजियान प्रांताची राजधानी. विचारलेले फूजौ समुद्रापासून दूर, आतल्या भागात. हाउसचे गुण गेले. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेपमध्ये मी अॅटलासची सूची उघडली. सूजौ दोन : एक शांघायजवळचे, बागांसाठी प्रसिद्ध, जिआंगसू प्रांतातले, दुसरे आन्हुई प्रांतात. ताइजौ दोन. यीचुन दोन : एक अगदी ईशान्येला रशियाच्या बाजूला, दुसरे दक्षिणेत. इंग्रजी स्पेलिंग मात्र अक्षरन् अक्षर सारखे.

माझा मित्र म्हणाला, "चिनी लोकांना वेगवेगळी नावे सुचली नाहीत काय?" मलाही आधी तसेच वाटले होते. पण नावे वेगळीच आहेत. चिनी भाषेत सूर सोडले तर सुमारे ४०० अक्षरध्वनी आहेत, आणि प्रमाण चिनीत प्रत्येक ध्वनी चार सुरांत म्हणता येतो. सूर बदलला की शब्द बदलतो. किनाऱ्यावरच्या फूजौमधला 'फू' चढत्या सुरात म्हणतात, त्याचा अर्थ सुदैव. दुसऱ्या फूजौमधला 'फू' आधी खाली जाऊन वर येतो, आणि त्याची लिपीतली खूणही निराळी. 'जौ' हा जुन्या कारभारातला एक विभाग. आपल्याकडे गावांना 'पूर' लागते तसा तो अनेक शहरांना लागला.

चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन पद्धत स्वीकारली. तिच्यात सुरांसाठी स्वरांवर खुणा आहेत. पण नकाशे आणि वर्तमानपत्रे त्या खुणा गाळतात. म्हणजे घोटाळा नाव ठेवणाऱ्यांनी केलेला नाही, तो नाव इकडून तिकडे नेताना झाला आहे.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण माझे आडनाव दाते आहे. या शाळेत पहिल्या रोल कॉलला ते 'डेट' झाले आणि सहावीपासून आजपर्यंत निम्मी बटालियन मला 'तारीख' म्हणते. आजोबांनी माझ्या आडनावात काहीच चूक केलेली नाही. चूक रोमन अक्षरांवरून अंदाज बांधणाऱ्याची आहे. मग आपण तोच अंदाज दुसऱ्यांच्या गावांबाबत का बांधावा?

मराठीत तर आपण ही चूक दुप्पट करतो. चीनमध्ये दोन शेजारी प्रांत आहेत, मधून पीत नदी वाहते. दोघांचे नाव 'शान्शी', फरक फक्त पहिल्या सुराचा. सुरांच्या खुणा गाळल्या जाणार हे ओळखून पिनयिनचा नियम इथे मुद्दाम मोडला गेला आणि एका नावात जास्तीचा 'ए' घातला गेला. मराठीत मात्र दोन्ही 'शांक्सी' नाहीतर 'शांशी'. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. ते ज्या येनानला पोहोचले ते पश्चिमेकडच्या शान्शीत, आणि नंतर ज्या वूताय पर्वताच्या परिसरात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले तो पूर्वेकडच्या शान्शीत. मराठीत त्यांची गोष्ट वाचणाऱ्याला वाटेल की डॉक्टर एकाच प्रांतात राहिले. वाटेत त्यांनी केवढा प्रवास केला, हे एका गाळलेल्या अक्षरामुळे दिसेनासे होते.

म्हणून माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. एक, चिनी गावाचे नाव लिहिताना प्रांताचे नाव सोबत लिहावेच. दोन, स्पेलिंग पाहून नव्हे, उच्चार ऐकून लिहावे. 'एक्स' दिसला की 'क्स', 'क्यू' दिसला की 'क' ही सवय सोडावी. पिनयिनमध्ये पहिला 'श'च्या जवळ आहे आणि दुसरा 'छ'च्या. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' असा भेद चिनीत आहे आणि तो दाखवायला देवनागरीत आयती अक्षरे आहेत. पश्चिमेकडच्या प्रांतासाठी 'शाऽन्शी' लिहिले तरी काम भागेल. अवग्रह आपलाच आहे.

कोणी म्हणेल, एवढे करून मिळणार काय? नावे काय, समजून घेता येतात. क्विझपर्यंत मीही असेच म्हणत होतो. मॅप रीडिंगच्या तासाला आमचे उस्ताद कधीच विचारत नाहीत की गावाचे नाव काय. ते सहा आकडी ग्रिड रेफरन्स मागतात, कारण नुसत्या नावावर निघालेली तुकडी चुकीच्या टेकडीवर पोहोचू शकते. आम्ही उद्या नकाशे हातात घेऊनच काम करणार आहोत. सीमेपलीकडच्या देशाची गावे नीट म्हणता आणि लिहिता येणे हा त्याच कामाचा भाग आहे.

आणि पुढच्या टर्मला प्रश्न शेवटपर्यंत वाचणे, हा माझ्यापुरता भाग.