घर सावरतं, पण कुणाच्या जिवावर?

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघालं की वाडी लागते. एका अंगाला आयुध निर्माणी, दुसऱ्या अंगाला ट्रान्सपोर्टची गोदामं. त्याच रस्त्याने पुढे गेलं की धामणा आणि बाजारगाव. ९ एप्रिल २०२१ च्या रात्री वाडीतल्या एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि चौघांचा जीव गेला. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यांत सहा महिला होत्या. १३ जून २०२४ ला धामण्याच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथेही मृतांमध्ये महिलाच जास्त होत्या. प्रत्येक वेळी नेते आले, मदत जाहीर झाली. आणि काही महिन्यांनी लोक म्हणू लागले, आपली माणसं चिवट आहेत, घरं सावरली.

या वाक्यावर माझा आक्षेप आहे. ते बोलणारे दुष्ट नसतात, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो. ते म्हणतात, आपल्याकडे कुटुंब हाच विमा आहे. माणूस गेला की भाऊ धावून येतो, तेरवीपर्यंत शेजारच्या घरातून डबा येतो, मामा पोरांची फी भरतो. परदेशात हे नाही, म्हणून तिथे समुपदेशक लागतात. मनाच्या आजारांची भाषा आपल्या लोकांवर लादू नका.

डबा येतो हे खरं आहे. मामा फी भरतो हेही खरं, निदान पहिल्या वर्षी. पण त्यानंतर त्या घराचा हिशेब कुणी मांडतं का? तो एकदा मांडला गेला आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ महिलांशी बोलून पाहणी केली. या सगळ्यांच्या नवऱ्यांनी आत्महत्या केलेल्या. त्यांतल्या सुमारे ४० टक्के बायकांना नवऱ्याच्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या जेमतेम ३५ टक्के. आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच ठाऊक नसलेल्या ३३ टक्के. ज्या कुटुंबाच्या भरवशावर सरकारने निर्धास्त राहावं असं सुचवलं जातं, त्याच कुटुंबात हे घडलं आहे. सासरा सात-बारावर नाव चढू देत नाही. दीर शेत कसतो आणि पीक नेतो. माहेर म्हणतं, तुझं घर तिकडे आहे. याच घराकडे बाहेरून पाहणारा म्हणतो, सावरलं हो.

सावरलं ते एका बाईने. मजुरी वाढवली, जेवण कमी केलं, मोठ्या मुलीची शाळा सोडवली आणि कुणापुढे रडली नाही. तिला खंबीर म्हणून तिचं कौतुक झालं, आणि झोप लागते का हे तिला कुणी विचारलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजारानुसार हा आकडा कमीजास्त होतो. आपल्या लोकांना असलं काही होत नाही, हा समज या न पोचण्यातूनच टिकून राहिला आहे.

दुसरा युक्तिवाद पैशाविषयीचा, आणि तो मला अधिक टोचतो. पैशाने दुःख जातं का? गरिबाच्या हातात रक्कम दिली की ती दारूत जाते, लोक आळशी होतात, असं सांगितलं जातं. पुराव्यासमोर हे टिकत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना नियमित रोख रक्कम देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. भारतातला पुरावा आणखी बोलका आहे. तमा कार्लटन या संशोधिकेने २०१७ मध्ये देशातल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या. पीक उभं असण्याच्या हंगामात तापमान वाढलं की आत्महत्या वाढतात, बाकीच्या महिन्यांत तेवढंच ऊन पडलं तरी वाढत नाहीत, असं तिला आढळलं. म्हणजे घात करतं ते हातातलं पीक जाणं. तीस वर्षांतल्या सुमारे ५९,३०० आत्महत्या तिने वाढत्या तापमानाशी जोडल्या आहेत. असं असताना उत्पन्नाची हमी हा मानसिक आरोग्याबाहेरचा विषय कसा ठरतो?

मात्र पैसा कसा दिला जातो यावर बरंच अवलंबून आहे. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख देण्याचा राज्याचा निर्णय २००६ सालचा. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुठल्या बँकेचं होतं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असेल, तर घरातलं मरण सरकारदरबारी अपात्र होऊ शकतं. नवऱ्याला जाऊन महिना होत नाही तोच त्याचं मरण मोजण्याजोगं होतं हे बायकोने सिद्ध करायचं, यापेक्षा मोठा मानसिक आघात मला सुचत नाही. उलट कर्मचारी राज्य विमा योजना पाहा. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत कामावर मेलेल्या विमाधारकाच्या आश्रितांना मजुरीच्या ९० टक्क्यांइतकं दरमहा वेतन मिळतं. मृत्यूनंतर एकरकमी पाच लाख जाहीर झाले की त्यांवर घरात चार हात पडतात. दरमहा बाईच्या स्वतःच्या खात्यात येणारी रक्कम लहान असली तरी ती तिची राहते. पण गोदामातला रोजंदारी हमाल, मालकाने कुठेच नोंद न केलेला ट्रकचा क्लीनर, ठेकेदाराने कागदावर न घेतलेला मजूर या विम्याच्या बाहेर आहेत. त्यांच्या घरांना उरते ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठीची कुटुंब लाभ योजनेची एकदाच मिळणारी वीस हजारांची रक्कम, आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार. तेही उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला घेऊन सेतू केंद्र आणि तहसील यांच्या खेपा घातल्यावर.

आता उलट टोकाच्या मंडळींविषयी. त्यांना सगळा उपाय समुपदेशनात दिसतो. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, ती चांगली आहे, ती वापरावी. पण जिचं नाव रेशनकार्डावरून कापलं गेलंय, तिला श्वासाचे व्यायाम शिकवून काय साधणार?

मनाचा आधार घरापर्यंत पोचला की काय होतं, आणि त्याला सरकारी मदतीची जोड कशी देता येते, हे आपल्याच मातीत दिसलेलं आहे. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले, बोलले, गरज पडली तिथे डॉक्टरांशी जोडून दिलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला, असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त हे निष्कर्ष छापून आले. नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन पुढे गुजरातेत मेहसाण्याला गेलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात तर गावातला स्वयंसेवक दुःख ऐकतो आणि तोच सरकारी योजनेचा अर्जही भरून देतो. माझी मागणी याच पायावर उभी आहे.

कारखान्यात, रस्त्यावर, शेतात कमावता माणूस गेला की त्या घरासाठी एक माणूस वर्षभर नेमलेला असावा. वारस दाखला, सात-बारा, बँक खातं आणि त्या बाईची झोप, या सगळ्याचं उत्तरदायित्व त्याच एका माणसावर. पात्र-अपात्र ठरेल तेव्हा ठरेल, दरमहा रक्कम मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू व्हावी. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नये. त्यांच्यावर आधीच काय कमी ओझं आहे? त्यांना द्यायचं तर वेगळं मानधन आणि नीट प्रशिक्षण देऊनच द्यावं. खर्चाचं कारण मला मान्य नाही. दर स्फोटानंतर लाखोंच्या घोषणा करणाऱ्या राज्याला हा खर्च झेपतो.

वाडी नगरपरिषदेने आणि नागपूर जिल्हा प्रशासनाने ही सुरुवात अमरावती रस्त्यावरच्या गावांपासून करावी. आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीत असं घर असेल तर डबा द्याच, पण पुढच्या सोमवारी त्या बाईसोबत तहसीलमध्येही जा.