पक्क्या चित्रामागची कच्ची पानं

पितळी तांब्या काढायला दिला की मुलं पिवळा रंग भरतात, पोटावर पांढरा ठिपका ठेवतात आणि मोकळी होतात. मी चित्रकला शिकवते. त्या ठिपक्याशी माझं जुनं वैर आहे. खालचं निळं कापड तांब्याच्या बुडाशी हिरवट होऊन उतरतं, गळ्यापाशी खिडकी अरुंद आणि वाकडी दिसते. हे डोळ्यांत भरायला आधी नुसता गळा, नुसतं बूड वेगवेगळ्या कागदांवर काढावं लागतं.

असे सुटे अभ्यास मोठे चित्रकारही करत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा डच चित्रकार आंब्रोसियस बोसखार्ट फुलांच्या अभ्यासचित्रांवरून काम करी. म्हणूनच तेच फूल त्याच्या निरनिराळ्या चित्रांत पुन्हा भेटतं आणि वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत नांदतात. पुढे यान फान हाउसम या डच चित्रकाराचा फूल समोर पाहूनच रंगवण्याचा हट्ट तर फार कडक. पिवळा गुलाब समोर मिळेना म्हणून चित्र अडल्याचं त्यानं पत्रानं कळवलं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या फुलदाणीच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, इतकं काम लांबलं. त्याची खडूतली, शाईतली कच्ची रेखाटनं मात्र किती सैल, किती भरधाव!

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत गुण मिळतात ते तिथे बसून काढलेल्या कागदाला. वर्षभराच्या कच्च्या रेखाटनांच्या वहीला कोण विचारतं? पालकही तयार चित्रच फ्रेम करतात. माझं मागणं सरळ आहे: शाळेनं त्या वहीलाही गुण द्यावेत आणि वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक स्थिरचित्राशेजारी त्याची खोडलेली, डागाळलेली पानं टाचावीत.