आधी जोते, मग रंगरंगोटी



यंदा मुलाने गेम खेळण्याजोगा संगणक स्वतः जोडण्याचा हट्ट धरला. "खेळासाठी एवढा पैसा?" म्हणून मी आधी रागावलो. पण यंत्र उघडून समजून घेऊ पाहणाऱ्या पोराला अडवावेसे वाटेना. बोनसमधले ४०,००० रुपये ठरवले. कर्ज नाही, हप्ता नाही.

शनिवारी डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. हिशेबाची वही थोरल्या मुलीकडे. मुलाचे डोळे ग्राफिक्स कार्डावर. मुलीने आकडे मांडले : कार्ड घेतले, तर बाकी सारे हलके घ्यावे लागेल. म्हणून रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. ग्राफिक्सची सोय त्याच्यातच आहे. इंटेलच्या क्रमांकाशेवटी 'एफ' असेल तर ती नसते, हे ध्यानात ठेवावे. रॅम १६ जीबीची एक न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. त्याने अशा प्रोसेसरला वेग येतो. पडद्याच्या जागी घरचाच टीव्ही.

काटकसर एसएमपीएसमध्ये मात्र केली नाही. वस्तीतल्या एका मुलाचा स्वस्तातला एसएमपीएस जळताना मदरबोर्डही घेऊन गेला होता. आम्ही खात्रीचा, ५५० वॅटचा घेतला. उद्या बेताचे कार्ड बसवले तरी पुरेल. १८ टक्के जीएसटी भरून पक्के बिलही घेतले, वॉरंटीला तेच कामी येते.

रात्री यंत्र चालूच होईना. मुलाने तासभर शोधले. रॅम नीट बसली नव्हती. कार्ड पुढच्या बोनसला. आपली मुले यंत्रांची नुसती गिऱ्हाईके न राहता जाणकार व्हावीत, एवढेच मागणे.

जयभीम!