आदर्श हवा, पण अख्खा!

मुलांनो, तुमच्या वहीवर कोणाचं चित्र चिकटवलंय? असू द्या. कुणासारखं तरी व्हावंसं वाटणं चांगलंच. पण त्या माणसाचं काय काय घ्यायचं?

३० ऑक्टोबर २०२५. आपल्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, जिंकायला ३३९ धावा हव्या होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या नि आपण जिंकलो! दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा माझ्या वर्गात जिकडेतिकडे जेमिमाच.

सामन्यानंतर मात्र तिने आणखी काही सांगितलं. त्या स्पर्धेत तिचं मन फार घाबरायचं, जवळजवळ रोज रडू यायचं. मध्ये एका सामन्यात तिला संघाबाहेरही बसावं लागलं होतं. चाचणीच्या दिवशी पोटात गोळा येतो नि तरी घरी चकार शब्द काढत नाही, अशा मुलांना मला हे मुद्दाम सांगायचंय. (‘मुलीसारखा रडतोस काय?’ म्हणणाऱ्या बाबांनाही!)

जेमिमाने रडू लपवलं नाही. ती संघातल्या अरुंधती रेड्डीपाशी मन मोकळं करायची. त्या सामन्याच्या धावफलकात अरुंधतीचं नाव शोधू नका हं, ती खेळलीच नव्हती.