आभाळाबद्दल आम्हाला कुणी विचारलंय?

मैत्रिणींनो,

या अंकासोबत एक छोटी प्रश्नावली तुमच्या हाती येते आहे. विषय आहे, भारताने अंतराळात पुढे काय करावं? संपादक गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिली प्रतिक्रिया नाराजीचीच होती. रेशनचं धान्य, घरातली मारहाण, अंगणवाडी सेविकांचं मानधन, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्या, एवढं सगळं समोर असताना हे चंद्र-मंगळाचं खूळ कशाला? आक्षेप रास्त होता. पण धरणांच्या, अणुभट्ट्यांच्या, लोकसंख्या-धोरणाच्या वेळी आपण एक गोष्ट शिकलो आहोत. जे विषय ‘आपले नाहीत’ असं समजून आपण बाजूला ठेवतो, त्यांचे निर्णय आपल्यावाचून होतात आणि खर्च मात्र आपल्याही पदरी येतो.

निर्णय तर होतच आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची तरतूद वाढवून 20,193 कोटी रुपये केली. चांद्रयान-4 साठी 2,104 कोटी आणि शुक्राच्या मोहिमेसाठी 1,236 कोटी मंजूर केले. 2035 पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, अशी उद्दिष्टं जाहीर झाली आहेत. यातला प्रत्येक निर्णय कदाचित योग्यही असेल. पण साबणाच्या वडीवर कर भरणारी बाईसुद्धा या पैशाची मालकीण आहे आणि तिचं मत कुणी विचारलेलं नाही.

असं विचारता येतं का? येतं. 10 सप्टेंबर 2016 रोजी युरोपीय अंतराळ संस्थेने आपल्या 22 सदस्य देशांत एकाच दिवशी सामान्य नागरिकांच्या बैठका घेतल्या. अमेरिकेच्या ‘नासा’ने फिनिक्स आणि बॉस्टन इथे नागरिकांना बोलावून लघुग्रहांच्या मोहिमेवर त्यांचं म्हणणं ऐकलं. आधी माहिती द्यायची, मग गटात चर्चा आणि शेवटी मत, अशी पद्धत होती. अमेरिकेतल्याच प्यू संशोधन केंद्राच्या 2018 च्या पाहणीत पृथ्वीच्या हवामानावर नजर ठेवणं हे सर्वांत महत्त्वाचं काम मानणारे 63 टक्के निघाले. माणसाला पुन्हा चंद्रावर पाठवणं तितकं महत्त्वाचं मानणारे फक्त 13 टक्के होते. तिथले आकडे आपल्याला लागू नाहीत, पण एवढं नक्की कळतं की सरकारं ज्यासाठी ढोल वाजवतात आणि लोकांना जे हवं असतं, त्यात बरंच अंतर असू शकतं.

आपल्याकडेही याची एक जुनी, अभिमान वाटावा अशी वाट आहे. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात ‘साईट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोचलं. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांचे कार्यक्रम दाखवले गेले आणि लोकांना त्यातलं काय समजलं, काय पटलं, हे अभ्यासकांनी गावात राहून नोंदवलं. आपला अंतराळ कार्यक्रम सुरू झाला तो याच भूमिकेतून. विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की चंद्राच्या शर्यतीत आपल्याला बड्या राष्ट्रांशी बरोबरी करायची नाही, हे तंत्रज्ञान माणसांच्या प्रश्नांसाठी वापरायचं आहे. आज आपण त्या शर्यतीतही उतरलो आहोत. मग लोकांना विचारण्याची ती सवयही परत आणायला हवी.

बायकांना वेगळं का विचारायचं? कारण घरोघरी होणाऱ्या पाहणीत दार उघडते बाई आणि उत्तर देतो ‘कर्ता पुरुष’. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर आपण कितीदा ऐकलं आहे! 1991 च्या जनगणनेत शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही ‘काम’ म्हणून स्पष्टपणे विचारलं जावं, यासाठी प्रयत्न करावे लागले. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषांची 97 मिनिटं निघाली. नेमका प्रश्न विचारला, म्हणूनच हा आकडा निघाला.

आणि अंतराळात तरी बाई कुठे आहे? 2014 मध्ये मंगळयान कक्षेत पोचल्यावर आनंदाने एकमेकींना भेटणाऱ्या, साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या कर्मचारी स्त्रियांचा फोटो घरोघरी पोचला. 2019 च्या चांद्रयान-2 मोहिमेची धुरा एम. वनिता आणि रितू करिधाल यांनी सांभाळली. पण गगनयानासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेले चारही अंतराळवीर पुरुष आहेत. निवड हवाई दलाच्या चाचणी-वैमानिकांतून झाली आणि त्या दारातून बायका आत आलेल्याच नव्हत्या. स्त्रीचं रूप मिळालं ते ‘व्योममित्रा’ या यंत्रमानवाला! परदेशातही फार वेगळं नाही. 1983 मध्ये सॅली राईड आठवडाभरासाठी अंतराळात निघाल्या तेव्हा इंजिनियरांनी त्यांना विचारलं, शंभर टॅम्पॉन पुरतील ना? आणि मार्च 2019 मध्ये दोन स्त्रियांचा नियोजित अंतराळ-फेरफटका बदलावा लागला, कारण योग्य मापाचे दोन पोशाख तयार नव्हते. वेळेवर आणि योग्य माणसाला विचारलं नाही की असंच होतं.

आता पाहणी कशी करायची ते. ‘अंतराळ संशोधन असावं की नसावं?’ असा प्रश्न कृपया विचारू नका. देशाभिमानाच्या दडपणाखाली त्याचं उत्तर ‘असावं’ असंच येणार. त्याऐवजी सात चित्रं मांडा: वादळ-पावसाचा अंदाज, भूजलाचे नकाशे, मासळी कुठे मिळेल याची माहिती, फोन आणि दूरदर्शन, चंद्र, इतर ग्रह-तारे, अंतराळात जाणारा माणूस. प्रत्येकीला दहा चिंचोके द्या आणि ते हवे तसे वाटायला सांगा. मोजून लिहून ठेवा. मग माहिती द्या आणि चर्चा घडवा. 1999 च्या ओडिशाच्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या ‘फायलिन’ वादळात वेळीच इशारा मिळाला आणि लाखो लोकांना हलवलं गेलं, त्यामुळे मृत्यू काही डझनांवर राहिले. उपग्रह नुसता असून भागत नाही, गावापर्यंत निरोप आणि निवारा पोचावा लागतो, हेही सांगा. श्रीहरिकोटा बेटावरून हलवल्या गेलेल्या यानाडी आदिवासींविषयीही सांगा. मग चिंचोके पुन्हा वाटायला द्या. दोन्ही वेळचे आकडे आम्हाला हवे आहेत.

काही पथ्यं. बैठक बायकांच्या सोयीच्या वेळी घ्या, पुरुषांची वेगळी घ्या. ‘मला काय कळतंय त्यातलं’ हे उत्तर कोरं सोडू नका. ‘कळून घ्यायचं तर काय विचाराल?’ असं पुढे विचारा आणि तो प्रश्न तिच्याच शब्दांत उतरवा. नावं लिहू नका, पण वय, शिक्षण, काम आणि वस्ती जरूर लिहा, नाहीतर शहरातल्या शिकलेल्या बायकांचं मत सगळ्यांच्या नावावर खपेल.

आणि एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. गरीब बाई पाणी आणि भाकरीलाच चिंचोके देणार, असं आपणच आधी ठरवून जाऊ नये. हंडा घेऊन पहाटे निघणारीला त्याच वेळी आभाळात चांदण्याही दिसतात. एखादीने सगळे दहा चिंचोके शुक्रावर ठेवले तर तिला समजावायला जाऊ नका, का ठेवले ते विचारा. कुतूहल ही शिकल्यासवरल्यांची मिरास नाही. ‘भाकरी की रॉकेट’ हा सवाल बायकांपुढेच टाकायचा आणि रॉकेटचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, ही वाटणी आपल्याला मान्य नाही.

अशा पाहणीने देशाचं मत कळेल असा आमचा दावा नाही. आमची माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. पण निष्कर्ष या अंकातून छापू, अंतराळ विभागाला पाठवू आणि आपल्या भागातल्या खासदारांच्या हाती देऊ. त्याआधी ते ज्या वस्त्यांत विचारलं तिथे परत जाऊन वाचून दाखवायचे आहेत. उत्तरं देणारीला तिच्या उत्तरांचं पुढे काय झालं ते कळणं हा तिचा हक्क आहे.

भरलेल्या प्रश्नावल्या पुढच्या अंकाच्या आधी पाठवा. एखादा प्रश्न चुकीचा वाटला तर तो बदलून विचारा आणि का बदललात तेही कळवा.

आपली,
संपादक