भुताचे नाव राहू द्या, लक्षण सांगा

सोलापुरात दवाखाना चालवायचा तर भीतीचे शब्द तीन भाषांत यावे लागतात. मूल जेवत नसले की मराठी घरात ‘बागुलबुवा’ येतो, पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘बूचोडू’ आणि अक्कलकोटकडच्या कानडी घरात ‘गुम्मा’. हा गुम्मा तर सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या पदातही आहे. तिथे बाळकृष्णच त्याला घाबरतो!

मुले मोठी होतात, बुवा जातो आणि मोठ्यांची भुते येतात. मुंजा, हडळ, खवीस, आसरा. वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात हे कशाला? रुग्ण दुखण्याचे नाव घेऊन येत नाही, म्हणून. ‘बाहेरचे आहे’, ‘लागीर झाले’, ‘धसका घेतला’, असेच तो सांगतो. यावर हसणारा डॉक्टर अर्धी माहिती तिथेच गमावतो, असे माझे मत आहे.

सटवाईचेच घ्या. पाचवीच्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री बाळ-बाळंतिणीला एकटे सोडायचे नाही. जुन्या बायका या दिवसांना इतक्या का भीत असत? नवजात बाळाचा धनुर्वात साधारणपणे जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसू लागतो. चांगले अंगावर पिणारे बाळ एकाएकी ओढेनासे होते, जबडा आवळतो, नुसता हात लावला तरी अंग ताठ होते. अशी बहुतेक बाळे दगावत. नाळ कापायला विळा, ब्लेड, जे हाताशी असेल ते, आणि वर राख किंवा शेण. जंतू तिथूनच शिरत. भीतीचे दिवस बायकांनी बरोबर हेरले होते, असे मला वाटते. दोष मात्र भलत्याच्या माथी गेला. पुढे गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि 2015 साली भारतातून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर 1000 जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. लस थांबवून चालणार नाही. आणि गंमत पाहा, त्यासाठी सटवाईची पूजा कोणालाही बंद करावी लागली नाही.

दुसरे भूत छातीवर बसते. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण मला म्हणाला, ‘डॉक्टर, दिवसा झोपलो की मुंजा बसतो. डोळे उघडे असतात, खोली दिसते, पण हात हलत नाही, हाक फुटत नाही.’ ताईत झाला होता, कोंबडेही झाले होते. यात नवल काही नाही. स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातले धावणे अंथरुणातच धावलो असतो. कधी कधी मन आधी जागे होते आणि शरीर काही क्षण मागे राहते. त्या अर्धवट जागेपणी छातीवर भार वाटतो, खोलीत कोणी उभे आहे असे भासते. इंग्रजीतल्या ‘नाइटमेअर’मधला ‘मेअर’ हाही मुळात छातीवर बसणारे भूतच होते. जागरण, पाळ्यांची अदलाबदल, उताणे झोपणे यांनी हा त्रास वाढतो. मुंजा पिंपळावर राहतो म्हणतात. मला तो नेहमी अपुऱ्या झोपेतच भेटला. ठरलेल्या वेळी पुरेशी झोप आणि कुशीवर झोपण्याची सवय, एवढ्यावर बहुतेकांचा त्रास कमी होतो. मात्र दिवसा कामात असताना अनावर झोप येत असेल तर तपासणी हवी.

तिसऱ्या नावाबाबत मी मुळीच सौम्य बोलणार नाही. बाळंतीण विहिरीकडे गेली आणि ‘आसरा लागल्या’, असे सांगितले जाते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत जिची झोप पूर्ण उडाली, जी असंबद्ध बोलू लागली, बाळ आपले नाही म्हणू लागली, तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दर 1000 बाळंतिणींपैकी एक-दोघींना हा मानसिक आजार होतो. औषधाने तो बरा होतो; पण उशीर झाला तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला एकटे सोडू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे, आणि 14416 या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो.

‘धसका’ या शब्दाचीही मला धास्ती वाटते. घशाला कोरड, दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात गोळा, ही भीतीची लक्षणे आपल्या भाषेने अचूक टिपली आहेत. पण यातली काही हृदयविकाराच्या झटक्याचीही असतात. वडील घामाने भिजले आहेत, छाती दाबल्यासारखी वाटते आहे, आणि घरचे म्हणतात, ‘घाबरलेत, पाणी द्या.’ आधी ईसीजी काढा. घाबरले असतील तर तेही मग कळेल.

राहता राहिला तो नवा बागुलबुवा, म्हणजे मी! ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’, असे माझ्यासमोर बसून आया सांगतात. मग ते पोर कान ठणकत असला तरी सांगत नाही, तोंड उघडत नाही, आणि दुखणे चार दिवसांनी वाढून समोर येते. सुई द्यायची असेल तर मुलाला खरे सांगा, की टोचेल, थोडे दुखेल, मी हात धरून ठेवते. आणि सुई द्यायचीच नसेल, तर तिचे नावही काढू नका.